दादा, मशीन तुम्ही परत माझ्याच हातात दिलंत

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, टॉवेल गरम करायला लाव" म्हणून विषय संपवता. इथे तुमचं ते चालणार नाही.

तुमच्या सलूनमध्ये तुमच्या हाताखाली आले तेव्हा मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. बायकांचे केस कापून हात बसलेला, थ्रेडिंग तर झोपेतही केलं असतं. दाढी म्हणजे काय, तेच केस, फक्त जरा खाली उगवलेले! ही घमेंड एका दुपारी उतरली.

ते गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. मूठभर दाढी, नीट राखलेली. "गालांवर जरा दाबून घ्या, खालची लांबी तशीच ठेवा," एवढंच त्यांनी सांगितलं. मी मशीनला ४ नंबरचा गार्ड (केस किती लांब ठेवायचे ते ठरवणारी ब्लेडवरची टोपी) लावला, म्हणजे १३ मिलिमीटर. लावला असं मला वाटलं. डावा गाल झाला, उजव्या जबड्यापाशी आले आणि खुर्चीखाली काहीतरी टकटक करत घरंगळलं. गार्ड पडल्याचा आवाज आधी आला, आणि उघड्या ब्लेडने अंगठ्याएवढा पट्टा साफ केलाय हे मला नंतर दिसलं. पट्ट्यातून गोरी कातडी दिसत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून आलात. मशीन हिसकावलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाहीत. त्यांच्या हातात छोटा आरसा दिलात आणि सरळ म्हणालात, "चूक आमची आहे. दोन वाटा आहेत. दाढी महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढते, तेव्हा हा पट्टा भरायला महिना-सव्वा महिना जाईल. तोवर वरचे केस त्यावर विंचरून घेता येतील. नाहीतर दोन्ही बाजू खाली आणून कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत उतार देतो, मग तो मुद्दाम केल्यासारखा दिसेल." एवढं बोलून गप्प उभे राहिलात. ते बराच वेळ आरशात बघत होते. शेवटी म्हणाले, उतार द्या.

मला वाटलं, आता मला झाडू हातात घ्यायला सांगणार. तुम्ही गार्ड उचललात, बाजूला ठेवलात, कपाटातून दुसरा काढलात आणि मशीन माझ्या हातात देऊन त्यांना विचारलंत, "हीच करेल, मी इथेच उभा आहे. चालेल ना?" ते हो म्हणाले. (त्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही.) मग कल्ल्याशी १ नंबर, ३ मिलिमीटर. खाली २, म्हणजे ६. त्याखाली ३ नंबर, १० मिलिमीटर. दोन गार्डांमध्ये जी पायरी राहते ती फणीवर मशीन चालवून मोडायची. माझं मनगट थरथरत होतं, आणि तुम्ही हळूच एवढंच म्हणत होता, "फणी हलव. मशीन आपोआप येईल."

त्या रात्री शटर अर्धं ओढून तुम्ही मला जे सांगितलंत त्यावर मी आज पोट भरते. "तुला दाढी नाही, म्हणून तुला ब्लेडने केस ओढला जाणं माहीत नाही," असं म्हणून बोथट ब्लेडचं मशीन माझ्याच हातावर, लवेवर फिरवलंत. डोळ्यांत पाणी आलं. मग बराच वेळ चालवून तापलेलं मशीन टेकवलंत. "ब्लेड तापलं की गिऱ्हाईक बोलत नाही, नुसता खांदा वर घेतं. चेहऱ्याकडे सगळेच बघतात, तू खांद्याकडे बघ." ही गोष्ट मला कुठल्याही कोर्समध्ये कोणी सांगितली नव्हती.

आणि त्यानंतर महिनाभर तुम्ही स्वतःची दाढी वाढवलीत. का, ते विचारलं तर "कंटाळा" म्हणालात. महिन्याने खुर्चीत बसलात आणि डोळे मिटलेत. मी लगेच मशीन घेतलं तर म्हणालात, "आधी बोटं." बोटांच्या टोकांनी चाचपून पाहिलं तेव्हा कळलं की तुमच्या हनुवटीखाली भोवरा आहे, डावीकडचे केस कानाकडे निघतात आणि उजवीकडचे सरळ खाली. सुलटा हात फिरवला की केस लांब राहतात, उलटा फिरवला की आखूड होतात. गार्ड एकच, पण लांबी दोन! गिऱ्हाईक घरी जाऊन "एक बाजू दाट वाटते" म्हणतं ते यामुळेच. दाढी कोरडी करूनच कापायची, कारण ओले केस लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, हेही त्याच दिवशी समजलं.

मानेची रेघ मात्र मला फार छळत होती. जबड्याच्या कडेनेच मारायचा मोह होतो, फोटोत झकास दिसते, आणि माणसाने मान जरा खाली घातली की नसलेली दुसरी हनुवटी तयार होते. कंठमण्याच्या वर दोन बोटं, तिथून कानामागे गोलाई. मान सरळ असतानाच खूण करायची, वर करायला लावायची ती फक्त साफ करण्यापुरती. "खाली राहिलेली रेघ वर नेता येते, वर गेलेली खाली कशी आणशील?" असं तुम्ही विचारायचात.

स्वच्छतेच्या बाबतीत तुम्ही खडूस आहात, तसेच राहा. प्रत्येकाला नवं ब्लेड का, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर ७ दिवससुद्धा तग धरतो, हे तुम्ही सांगितलंत आणि माझा प्रश्न संपला. एका मुलाच्या दाढीत नाण्याएवढी गुळगुळीत चाई सापडली होती, तेव्हा तुम्ही वाकून त्याच्या कानात "एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घे" म्हणालात, शेजारच्या खुर्चीवरच्यालाही ऐकू गेलं नाही. मी असते तर तिथल्या तिथे मोठ्याने "अरे, हे काय?" म्हटलं असतं.

आणखी एक. "बाई दाढी करणार?" असं विचारणाऱ्यांना तुम्ही कधी माझी बाजू समजावत बसला नाहीत. "मग थांबा, माझ्या खुर्चीला पाऊण तास आहे," एवढंच. दहातले सहा-सात मुकाट्याने माझ्याकडे येऊन बसायचे.

आता माझी स्वतःची खुर्ची आहे. गार्ड लावला की अंगठ्याने मागे दाबून, ओढून बघते. तुमची शिंगाची फणी चुकून माझ्या सामानात आली होती, ती आता मागू नका.

मागच्या महिन्यात तुम्ही न सांगता आलात आणि माझ्याकडून दाढी करून घेतलीत. उठताना आरशासमोर उभे राहून दोन्ही तर्जन्या कल्ल्यांच्या टोकांवर ठेवल्यात. कानांवरून माप घेऊ नये, कान कुणाचे सारखे नसतात, हे तुम्हीच शिकवलेलं. बघितलंत, काही बोलला नाहीत, पैसे ठेवून निघून गेलात.

डावा केसभर खाली होता, दादा. मला दिसला होता. या एकदा, बरोबर करून देते.

तुमची,
दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी