चालकाविना ट्रेलर येण्यापूर्वी चालकांचा निधी उभारावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालकरहित वाहनांमुळे रोजगार जाईल, म्हणून भारतात त्यांना परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यामागच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. तरीही कळंबोलीच्या लोखंड बाजाराशेजारी इतकी वर्षे राहिल्यावर मला वाटते की, हे तंत्रज्ञान आपल्याकडे सायन-पनवेल महामार्गावरून नव्हे, तर न्हावा-शेवाच्या बंदरातून शिरेल.

महामार्गावर त्याची घाई कोणाला नसेल, कारण आपल्याकडे वाहतुकीच्या खर्चात डिझेल आणि टोलचा भार मोठा, चालकाची मजुरी त्यामानाने थोडी. बंदराच्या आवारात मात्र मार्ग आखलेले असतात, रिक्षा आडवी येत नाही आणि काम तिन्ही पाळ्यांत चालते. रॉटरडॅममध्ये १९९३ पासून कंटेनर वाहणारी चालकरहित वाहने आहेत. २०२२ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झालेल्या सिंगापूरच्या तुआस बंदराची तर आखणीच तशी आहे.

बंदरासाठी जमिनी दिलेल्या उरण-पनवेलच्या कितीतरी कुटुंबांनी, बंदरात कायमची नोकरी मिळाली नाही तेव्हा, कर्ज काढून ट्रेलर घेतले. त्यांवरचे चालक बहुधा फेरीमागे भत्ता घेतात. त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना हक्काची रजा. एक फेरी कमी झाली की तेवढी चूल मंदावते, आणि पंक्चरवाला, जेवणाची खानावळ, स्पेअर पार्टचे दुकान अशा सगळ्यांनाच त्याची झळ बसते.

यावरचा उपाय आपल्याच नवी मुंबईत आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्यांचा ठरावीक मालक नाही अशा हमालांसाठी मंडळे उभी केली; मालक मजुरीवर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, भरतात आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) व औषधोपचार चालतात. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्यांना जे मिळाले, ते ट्रेलरचालकांनाही मिळायला हवे. फरक एवढाच करावा की ही लेव्ही मजुरीवर न बसवता बंदरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर बसवावी, म्हणजे उद्या आसनावर माणूस नसला तरी त्याच्या नावची रक्कम मंडळात जमा होत राहील आणि ती नवे काम शिकण्यासाठी, ट्रेलरचे थकलेले हप्ते फेडण्यासाठी किंवा उतारवयासाठी देता येईल. माथाडींच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक करतात, त्या खऱ्या आहेत. म्हणून ही वसुली बंदराच्या शुल्कासोबतच ऑनलाइन व्हावी, मध्ये कोणी हात घालू नये.

उरण, पनवेल आणि बेलापूरच्या आमदारांनी हा प्रस्ताव विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कळंबोली, नवी मुंबई