कोलीनचं टोक अन् तुरीचे पोते

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही छापलं का आता सुई न टोचता, मशीनमधे झोपवून मेंदूतलं डोपामिन-सेरोटोनिन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारी रसायनं, मोजता येते अन् डिप्रेशन पकडता येते. ते वाचून आमच्या गावचे एक काका तूर विकून पोराले नागपूरले न्यायच्या तयारीत आहेत, म्हणून हे पत्र. मी कृषी केंद्र चालवतो, डॉक्टर नाही, पण बीएस्सीला केमिस्ट्री होती, एनएमआर (चुंबकात ठेवून रसायनं ओळखायची पद्धत) तेव्हा शिकलो अन् तुम्ही छापलेल्या मशीनची एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे तेच, फक्त नळीच्या जागी माणसाचं डोकं.

पाण्याचा सिग्नल दाबून टाकतात अन् मागं जे बारके सिग्नल उरतात त्याचा ग्राफ काढतात. ग्राफावर प्रत्येक रसायनाचं टोक ठरल्या जागी येते, ती जागा पीपीएममधे सांगतात: 3.0 पीपीएमला क्रिएटिन, 3.2 ला कोलीन असं. निरोप नेणाऱ्या रसायनांपैकी (न्यूरोट्रान्समीटर) त्यात मोजण्याजोगे मुख्य दोनच, ग्लुटामेट अन् गाबा. गाबा तं लिटरमागं 1-2 मिलिमोल, वरून त्याचं टोक क्रिएटिनखाली लपते, तुरीच्या डाळीत लाखोळीची डाळ मिसळल्यावानी. ते निवडाले वेगळी ट्रिक लागते, शक्यतो 3 टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन लागते, मेंदूतला 3 सेंटीमीटरच्या ठोकळ्याएवढा भाग धरून दहाएक मिनिट डोकं हलवायचं नाही. एवढं करून गोदामात पोते किती ते समजते, बाजारात किती उतरले ते नाही; म्हणजे साठा समजते, पेशींनी निरोपासाठी किती सोडलं ते नाही. डोपामिन-सेरोटोनिन तं इतकं कमी असते का या मशीनले दिसतच नाही. त्याच्यासाठी पेट स्कॅन, अन् त्यात किरणोत्सारी औषधाची सुई आलीच!

माझ्या भाच्याले झटके येत होते. शहरातल्या सेंटरनं हाच स्कॅन करून रिपोर्ट हातात दिला, कोलीन वाढलं म्हणे, समजावून कोणीच सांगितलं नाही. जावई म्हणाले फवारणीचंच विष. 2017 च्या फवारणीच्या विषबाधेपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लहान पोरालेही माहीत आहे का काही कीटकनाशकांनी शरीरात निरोप नेणारं आणखी एक रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन साचते, अन् औषध माझ्याच दुकानातलं होतं, खोटं कशाले सांगू, दोन रात्री झोप नाही. मग डॉक्टरनं सांगितलं, ते कोलीन मुख्य म्हणजे पेशींच्या आवरणाच्या घडण-मोडीतलं, अ‍ॅसिटिलकोलीनचा वाटा त्यात नसल्यासारखाच. फवारणीची बाधा रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमवरून पाहतात. त्यांना पाहायचं होतं मेंदूतली गाठ कॅन्सरची का टीबीची, अन् लिपिडचं (चरबीचं) टोक मोठं निघालं म्हणून टीबीकडं संशय गेला. आता गोळ्या चालू आहेत, झटके थांबले.

म्हणजे मशीन कामाची आहे, छापलं ते चुकीचं. डिप्रेशन डॉक्टर पेशंटशी बोलूनच ठरवतात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर फुकट आहे, तोच पुरवणीत टाकला असता तं बरं झालं असतं.

काकाले म्हटलं रविवारपर्यंत थांबा, पेपरात दुरुस्ती येते. माझ्या बोलण्यावर त्यांचा भरोसा नाही, छापलेल्या अक्षरावर आहे. पोते अजून बाहेरच पडून आहेत.

एक वाचक,
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ