४२९४९६७२९७ ही संख्या उलगडून दिल्याबद्दल नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

गणित मंडळाच्या मुलांसाठी तुम्ही ४२९४९६७२९७ या एकाच संख्येवर हाताने लिहिलेली पानं दिलीत. त्यांच्या झेरॉक्स आता जळगाव, अमळनेर, चोपड्याच्या वर्गांत फिरताहेत, म्हणून आभारही सगळ्यांसमोर मानतो.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणिती फर्माने तिला मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी, मानलं होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. एवढं पुष्कळ जण सांगतात. ६४१ च का, हे तुम्ही सांगितलंत.

आधी नेहमीची चाळणी. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७, ११, १३ एकदम तपासायला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. मुलं इथेच हमखास घसरतात. आपले स्वल्पविराम ४,२९,४९,६७,२९७ असे पडतात आणि ती तेच गट धरून बसतात. ही कसोटी ७ × ११ × १३ = १००१ वर उभी आहे, म्हणून गट हजाराचेच हवेत, ही तुमची समासातली टीप फार उपयोगी पडली.

पुढचं पान तर सोन्यासारखं आहे. एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जात असेल, तर तिने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यावर बाकी −१ उरते आणि १ ही बाकी पहिल्यांदा ६४ व्या घातालाच मिळते. म्हणून फर्माच्याच छोट्या प्रमेयाने (विषम मूळ संख्येहून एक कमी इतक्या २ च्या घाताला त्या संख्येने भागलं की बाकी १ उरते) असा प्रत्येक मूळ अवयव '६४ ची पट अधिक १' असाच असतो. वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या, ६५४२ मूळ संख्या घासत बसायला नको. १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१, की काम फत्ते!

भागाकार येतो ६७००४१७. बरेच जण इथे थांबतात, पण हीसुद्धा मूळ आहे हे दाखवायलाच हवं. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यामुळे ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढ्याच तपासायच्या. एकीनेही भाग जात नाही.

हीच संख्या ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९² अशी दोन तऱ्हांनी येते, ही जोडीही तुम्हीच दाखवलीत. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येत नाही, तेव्हा अवयव न शोधताही निकाल लागतो. आम्हाला तर हीच सिद्धता जास्त आवडते.

संगणकावर करणाऱ्यांसाठी एक भर आमची: चिन्हाविना (unsigned) ३२ बिटच्या चलात ही संख्या मावत नाही, तिथे नुसता १ उरतो. ६४ बिटचा चल घ्यावा.

चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. त्या खान्देशात मुलांना अशी पानं मिळाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

मुलांनी आता २ चा ६४ वा घात अधिक १ हाती घेतलाय. तिथे अवयव '१२८ ची पट अधिक १' असे. वह्या दिवाळीनंतर तुमच्याकडे घेऊन येतो.

आपले,
खान्देशातले गणिताचे शिक्षक