वता म्हणजे कापूस

ता. राळेगाव, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

परवा फोनवर म्हणालास, "जर्मनचा क्लास सोडतो, आता मजाच येत नाही." मी वावरात होतो, रेंज तुटत होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

जपानी मी मृगात सुरू केली. पहिला महिना काय सांगू तुला! हिरागाना म्हणजे तिकडची साधी लिपी, तिची 46 अक्षरं पंधरा दिवसांत पाठ. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी: 'मिझु ओ नोमिमासु', पाणी पितो. आपल्या चा-ची-चेचं काम तिकडे एकटा 'नो' करतो. डवरण करतानाही तोंडात तेच. आई म्हणे, "पोट्टं कोनासंग बोलते?"

पोळ्यानंतर मोजणी आली. लांबट वस्तू मोजायच्या एका तऱ्हेने, कागद दुसऱ्या, बैल तिसऱ्या, कुत्री-मांजरं चौथ्या. एक पेन इप्पोन, दोन निहोन, तीन सांबोन. रात्री पाठ, सकाळी कोरं. वर कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्रासारखी अक्षरं, रोजच्या वापरातल्याच 2,136! दोन महिने रोज बसलो, पण पुढे सरकलो असं एकदाही वाटलं नाही. वही दिसली की जीव उबायचा. वाटलं, भाषाच नकोशी झाली.

तसं नव्हतं, हे जागलीवर कळलं. रानडुकरं तुरीत शिरतात, म्हणून रात्री मचाणावर असतो. बॅटरीच्या उजेडात एकदा कापसाची कांजी काढून पाहिली. 14 रेघा. डावीकडे धागा, उजवीकडे वर पांढरा, खाली कापड. उच्चार 'वता'. समोर पऱ्हाटी फुटलेली, चांदण्यात पांढरीशुभ्र. ते अक्षर पाठ करावंच लागलं नाही! तेव्हापासून वावरात दिसेल ते मोजतो. आपले दोन बैल 'नितो'. चुकतं बरंच. मृगातली ती उकळी आता फुटत नाही, कंटाळाही येतो, ऐकण्याच्या सरावाला तर फारच. पण वहीचा राग गेला.

मुलीला 'डास मेडशेन', म्हणजे नपुंसकलिंग, म्हणून तू वैतागलास ना? अरे, आईचं 'पोट्टं' कोणतं लिंग? ते तुला कुणी पाठ करायला लावलं होतं का? क्लास सोडू नकोस, महिनाभर पुस्तक बाजूला ठेव आणि चहा करताना जे जे करशील ते जर्मनमध्ये बोल.

डिसेंबरात माझी एन-5 ची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात पहिल्या पायरीची परीक्षा आहे. ती झाली की ये. वेचणी चालूच असेल. तू जर्मनमध्ये मोज, मी जपानीत.

तुझाच,
गड्या