वाचनकक्षातला उजेड आणि ओल

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतील विद्यापीठीय ग्रंथालयांचे नूतनीकरण म्हणजे बहुधा नव्या खुर्च्या आणि एसी. पण उजेड कोण मोजतो? वाचनाला ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड लागतो आणि तो वही ठेवतो त्या टेबलावर मोजायचा; उंच कपाटांच्या सावलीत आकडा झपाट्याने उतरतो. प्लग फक्त भिंतीला असतील तर मुले भिंतीकडे दाटतात, मधली टेबले ओस पडतात. चार-सहा जणांच्या चर्चेसाठी बंद खोली नसली की चर्चा वाचनकक्षातच होते. 'शांतता राखा'च्या पाटीने आजवर कोण गप्प बसले?

खाडीकाठच्या हवेत पावसाळा हा खरा शत्रू. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की पुस्तकांना बुरशी धरते. एसी रात्री बंद, खिडक्याही बंद, म्हणजे तिला आमंत्रणच. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, आर्द्रतामापक लावावा, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) रात्रीही चालू ठेवावा.

२०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो संशोधनपत्रिका खुल्या झाल्या. त्या शोधायच्या कशा, हे पहिल्याच सत्रात शिकवावे. तेही प्रवेशाच्या दिवशीच्या भाषणात नको. विषयशिक्षक आणि ग्रंथपालाने मिळून, प्रत्यक्ष प्रकल्पाचा विषय घेऊन, तासाभराचे दोन वर्ग घ्यावेत. प्रकल्प हातात नसताना शिकवलेले महिनाभरात विसरते.

ग्रंथालयाची वेळ वाढवताना शेवटच्या ट्रान्स-हार्बर (ठाणे-नवी मुंबई) लोकलचे वेळापत्रकही पाहावे.

– काही ग्रंथपाल, ठाणे