स्टाउट बिघडते ती डब्यामुळे नव्हे, उष्म्यामुळे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरी बिअर करायचे किट गोव्यात आता नवलाईचे राहिलेले नाही. जहाजावरचे तारवटी, इंग्लंड-पोर्तुगालहून सुट्टीवर येणारी मंडळी ते सामानातून घेऊन येतात, काही जण बाहेरून मागवतात. त्यातही स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, डब्याला पसंती जास्त, कारण काळ्या बिअरमध्ये दोष झाकले जातात अशी समजूत आहे. गढूळपणा झाकला जातो, हे खरे. उष्म्यात आंबल्यामुळे येणारा नेलपॉलिशसारखा वास मात्र झाकला जात नाही. मग डब्याला नावे ठेवली जातात आणि २० लिटर मोरीत ओतले जाते. ते वाचावे म्हणून हे पत्र. परवान्याचा मुद्दा शेवटी लिहिला आहे, पण किट उघडण्याआधी तो वाचावा.

किटमधला कागद थंड देशातल्या घरासाठी लिहिलेला असतो. काही कागद २७ अंशांपर्यंत चालेल असेही सांगतात. स्टाउटच्या यीस्टला खरे मानवते १८ ते २२ अंश सेल्सिअस. पणजीत किंवा मडगावात एप्रिल-मेमध्ये बंद खोली ३० ते ३२ अंश असते. शिवाय आंबणे जोरात असताना बादलीतला रस (पाण्यात विरघळवलेला डब्यातला अर्क) बाहेरच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त तापतो. म्हणजे यीस्ट प्रत्यक्षात ३५ अंशांवर काम करते. एवढ्या उष्म्यात ते घाईने वाढते आणि जड अल्कोहोल व फळांच्या उग्र वासाची द्रव्ये तयार करते. चवीचे बरेवाईट बहुतांशी पहिल्या ७२ तासांत ठरते, पुढे महिनाभर बाटली ठेवून ते सुधारत नाही. उष्ण मुलखातले जुने बिअर कारखाने हिमाचलात कसौलीला, श्रीलंकेत नुवारा एलियाला, म्हणजे डोंगरावर का निघाले, याचे उत्तर यातच आहे.

आता डब्याकडे वळू. नेहमीचा डबा १.७ किलोचा असतो. त्यात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले) घातलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, दाट अर्क असतो आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. कागदावर २३ लिटर पाणी आणि एक किलो साखर लिहिलेली असते. दोन्ही बदलावे. साखर पूर्ण आंबून जाते, अंगात काही उरत नाही, आणि स्टाउट पातळ लागते. साखरेऐवजी एक किलो कोरडा माल्ट घ्यावा आणि एकूण २० लिटरच करावे. हायड्रोमीटरवर (घनता मोजायची तरंगती नळी, साध्या पाण्यात ती १००० दाखवते) सुरुवातीची घनता १०४४ च्या आसपास येईल. ती १०१२ ते १०१४ पर्यंत उतरली की अल्कोहोल साधारण चार टक्के होते. हिशोब सोपा आहे: सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून ०.१३१ ने गुणावे. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३० अंशांच्या रसात ते अडीच-तीन अंक कमी दाखवतात, तेवढे मिळवावे.

आपल्याकडचा माडाचा काळा गूळ स्टाउटला शोभतो. एक किलो माल्टपैकी पाव किलोच्या जागी तो घालावा, त्याहून जास्त नको. तोही जवळजवळ सगळा आंबतो आणि मागे थोडा धुरकट कडूपणा ठेवतो. पाण्यात उकळून फडक्यातून गाळूनच घालावा, त्यात काड्या-कचरा असतो. ओट्स मात्र थेट घालू नयेत. ओट्समधल्या पिठाची साखर करायला माल्टमधली पाचकद्रव्ये लागतात आणि डब्यातल्या अर्कात ती उरलेली नसतात. नुसती खळ तयार होते. कॉफीसारखी कोरडी कडू चव वाढवायची असेल, तर बिअरसाठी विकले जाणारे भाजलेले जव २०० ग्रॅम भरडून दोन लिटर पाण्यात ६५ ते ७० अंशांवर अर्धा तास ठेवावेत, गाळावेत आणि ते पाणी दहा मिनिटे उकळून वापरावे.

झाकणाखालच्या पुडीवर विसंबू नये. डबा कंटेनरमधून येतो, उन्हाळ्यात गोदामात पडून राहतो, आणि यीस्ट उष्म्याने मरते. अर्कही जुना झाला की काळवंडतो आणि शिळ्या शाईसारखी चव देतो, म्हणून तारीख पाहून डबा घ्यावा. ११ ग्रॅमची ताजी इंग्लिश एल यीस्टची पुडी वेगळी घेऊन फ्रिजमध्ये ठेवावी. पुडीतच शंका असेल तर उकळून ३५ अंशांपर्यंत निववलेल्या १०० मिली पाण्यात चिमूटभर साखर घालून ती सोडावी. पंधरा मिनिटांत साय-फेस धरला नाही तर फेकून द्यावी.

पाण्याचे म्हणाल तर नळाचे पाणी चालते. ओपा योजनेचे असो वा साळावली धरणाचे, त्यात क्लोरीन असते आणि बिअरमध्ये ते औषधी, इस्पितळासारखा वास आणते. पंधरा मिनिटे उकळून निववले की क्लोरीन जाते. लोखंडाची चव लागणारे विहिरीचे पाणी मात्र घेऊ नये, उकळून लोह जात नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या रस निववताना. आदल्या रात्री दहा लिटर उकळलेले पाणी झाकबंद बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी डबा गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उभा करून अर्क सैल करावा. तीन लिटर उकळत्या पाण्याची आच बंद करून त्यात अर्क व कोरडा माल्ट विरघळवावा. आच चालू असताना अर्क ओतला तर तो तळाला बसून करपतो. कोरडा माल्ट वाफेवर धरू नये, गोळे होतात. मग पातेले मोरीत गार पाण्यात ठेवून ४० अंशांपर्यंत उतरवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ७५ अंशांचा रस थेट बादलीत ओतून वर दहा लिटर फ्रिजचे आणि उरलेले उकळून निववलेले नळाचे पाणी घातले, तर एकूण २७ अंशांच्या आसपास थांबते. आधी ४० वर आणला तर तेवढ्याच पाण्यात २० अंश मिळतात. पाणी उंचावरून, खळबळ करत ओतावे. सुरुवातीला यीस्टला हवा लागते, नंतर अजिबात लागत नाही. तापमान २२ च्या खाली आल्याची खात्री करूनच यीस्ट पसरावे.

पुढचे तीन दिवस बादली थंड ठेवणे हेच खरे काम. ओले फडके आणि पंखा हा उपाय कोरड्या प्रदेशातला. आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. बादली मोठ्या टबात ठेवून भोवती ४० लिटर पाणी भरावे आणि टबाला चहूबाजूंनी व वरून २५ मिलिमीटर जाडीचे थर्मोकोल लावावे. मासळीच्या पेट्या येतात त्याच जातीचे चालते. एक लिटरच्या गोठवलेल्या दोन बाटल्या सकाळी, दोन संध्याकाळी पाण्यात सोडाव्यात. दोन किलो बर्फ या ६० लिटर पाणी-रसाला साधारण साडेतीन अंशांनी उतरवतो. थर्मोकोल असेल तर दिवसाच्या चार बाटल्यांत खोलीपेक्षा दहाएक अंश खाली राहता येते. थर्मोकोल नसेल तर तिप्पट बर्फही पुरत नाही, आणि कंटाळून लोक दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. थर्मामीटर बादलीच्या अंगाला चिकटवून वर स्पंजचा तुकडा बांधावा, हवेचे तापमान मोजून उपयोग नाही. जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक असेल तर प्रश्नच मिटला. पावसात वीज गेली तरी वीस लिटर रस काही तास तग धरतो, फक्त दार उघडू नये.

एवढी खटपट नको असेल, तर हंगाम पाळावा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत रात्री २० अंशांच्या आसपास येतात, तेव्हा दोन बाटल्यांत भागते. उन्हाळ्यातच करायची असेल तर यीस्ट बदलावे. नॉर्वेच्या खेड्यांतून आलेले क्वाइक जातीचे ‘वॉस’ यीस्ट ३५ ते ४० अंशांवर खुशीत चालते आणि तीन-चार दिवसांत काम उरकते. थोडा संत्र्याचा गंध येतो. अस्सल कोरडी आयरिश चव हवी असणाऱ्याला तो खटकेल, पण तापलेल्या इंग्लिश यीस्टपेक्षा ही बिअर शंभर पटींनी बरी.

काजूची दारू गाळणाऱ्या घरांतल्या मंडळींना एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, उघड्या भांड्यात, आपोआप आलेल्या यीस्टवर तीन दिवसांत आंबतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. पण तो भट्टीवर चढतो, हुर्राक आणि फेणी होऊन उतरतो, आंबटपणाचा बराच भाग मागे भांड्यात राहतो. बिअर जशी आंबते तशीच प्यायची असते. म्हणून जिथे बोंडे मळली जातात, सुरीचा (माडाच्या ताडीचा) व्हिनेगर मुरतो किंवा सान्नांचे (तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांचे) पीठ आंबते, त्या खोलीत स्टाउटची बादली ठेवू नये. चिलटे व्हिनेगरचे जंतू पायावर घेऊन फिरतात. बादली, तोटी, नळी आधी साबणाने घासून मग निर्जंतुक करावी. बिनवासाचे साधे ब्लीच लिटरला पाच मिली, वीस मिनिटे, आणि नंतर उकळलेल्या पाण्याने दोनदा खळखळून धुणे, एवढे पुरते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. तोटीचे आटे उघडून धुवावेत, बहुतेक वेळा घाण तिथेच दडते. एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) पाण्याऐवजी फेणी भरली तर त्यात काही वाढत नाही.

साधारण दहा ते चौदा दिवसांनी बाटल्या भराव्यात, पण दिवस मोजून नव्हे. ४८ तासांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे सारखी आली पाहिजेत. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे नव्हे, झाकण सैल असले तरी ते थांबतात. घनता १०२० वर अडली तर बादली हलकेच फिरवून तळाचे यीस्ट उठवावे, २२-२४ अंशांवर येऊ द्यावी आणि आठवडाभर थांबावे. बाटलीत घनतेचा एक अंक आंबला की जवळपास अर्धा आकारमान वायू तयार होतो. चार अंक शिल्लक असताना बूच लावले तर दाब दुपटीवर जातो आणि काच फुटते. हा धोका खरा आहे, लोकांचे हात आणि डोळे जायबंदी होतात.

स्टाउटला वायू कमी लागतो. २० लिटरला १०० ग्रॅम साखर पुरे. ती वजन करून घ्यावी, चमच्याने मोजू नये. कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळून, निववून दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतावी आणि वर नळीने बिअर सोडावी. नळी तळाशी टेकवावी, बिअर पडताना खळबळ होऊ देऊ नये आणि नळी तोंडाने ओढू नये. ६५० मिलीच्या तपकिरी बाटल्या भंगारवाल्याकडे सहज मिळतात. ओपनरने उघडणाऱ्याच घ्याव्यात, फिरकीच्या बाटल्यांवर हाताच्या कॅपरने बूच नीट बसत नाही. ओठाला टवका असलेली बाटली बाद करावी. एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की बाकीच्यांत किती दाब आहे ते कळते. आपल्या हवेत सात ते दहा दिवसांत ती दगडासारखी कडक होते. मग सगळ्या बाटल्या घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या जागी, जमल्यास फ्रिजमध्ये, निदान महिनाभर ठेवाव्यात. ३२ अंशांत महिनोन्महिने ठेवलेली स्टाउट ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

डब्लिनच्या प्रसिद्ध स्टाउटवर दिसते तशी सायीसारखी दाट कड घरच्या बाटलीत येणार नाही. तिथे नायट्रोजन मिसळलेला वायू वापरतात. तो फेस आला नाही म्हणून साखर वाढवू नये.

आता परवान्याविषयी. गोवा, दमण आणि दीव अबकारी शुल्क कायदा १९६४ खाली मद्य तयार करण्यास परवाना लागतो. परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे, मग ती शेजाऱ्याला एक बाटली का असेना. किट आणण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कचेरीत लेखी विचारावे. तयार बिअर भट्टीवर चढवून दारू तर कोणीही गाळू नये. ब्रिटनने घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, स्वतःच्या वापरासाठी करता येते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या आणि तिच्या भट्ट्यांना पिढ्यान्‌पिढ्या परवाने देणाऱ्या राज्याला असा नियम करणे अवघड नाही. २१ वर्षांवरील व्यक्तीला, घरापुरती, विक्रीविना, उर्ध्वपातनाविना, वर्षाला ठरावीक लिटर, एवढ्या पाच अटी अबकारी खात्याने मराठी-कोंकणीत छापून तालुका कचेऱ्यांत लावाव्यात, ही विनंती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, फोंडा