ओहोटीचे पाणी : विनायकास पत्र

दांडिया बाजार, बडोदे
कार्तिक वद्य द्वादशी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत मासे धरून मोहन, शिरीष आणि मला परत येऊन आज तीन दिवस झाले, पण उजव्या तर्जनीवर दोऱ्याने पडलेली चीर अजून भरलेली नाही आणि पेन धरताना ती ओळीओळीला जाणवते आहे. वहिनींच्या शस्त्रक्रियेमुळे तुला ऐन वेळी थांबावे लागले, तेव्हा ‘मासा केवढा होता एवढेच लिहू नकोस, सगळे सविस्तर लिही’ असे तू बजावले होतेस, म्हणून हे पत्र लांबणार आहे. वहिनींना आता बरे वाटत असेल अशी आशा करतो.

तुला ठाऊकच आहे की गेले चार महिने मी रोज संध्याकाळी आपल्या वाड्याच्या गच्चीवर रॉड घेऊन उभा राहत असे. दुसऱ्या टोकाला आईचे जुने पितळी घंगाळ ठेवायचे आणि गळ काढून टाकलेला ल्युर, म्हणजे तो रंगवलेला नकली मासा, बरोबर त्यात पडेल असा फेकायचा. शेवटी शेवटी दहांतले सात नेम लागू लागले होते. त्या सरावाचा उपयोग झाला, कारण खाडीत फेक हातभर चुकली की ल्युर खारफुटीच्या मुळांत अडकतो आणि हातभर अलीकडे पडली की माशाला तो दिसतच नाही. परंतु गच्चीवर एक गोष्ट शिकता येत नाही, ती म्हणजे पाणी. आणि तीन दिवसांत मी जे काही शिकलो ते सगळे पाण्याविषयी होते.

आपण कॉलेजात असताना कावी-कंबोईला गेलो होतो ते आठवते का? स्तंभेश्वराचे शिवलिंग भरतीत बुडताना पाहिले आणि ओहोटीला समुद्र इतका लांब गेला की डोळा पुरेल तिथवर नुसता चिखल होता. खंबातच्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, ते गाळाने कायम गढूळ असते आणि त्याला ओढही भयंकर, म्हणून मही किंवा ढाढर नदीच्या मुखाशी ल्युर फेकण्याचा विचार मी केव्हाच सोडून दिला. मालवणकडे हीच भरती उधाणालाही दोन मीटरांच्या आसपास असते. नोव्हेंबरात पावसाळ्याचा गढूळपणाही खाली बसलेला असतो आणि कर्लीचे पाणी हिरवट पण पारदर्शक होते. आपल्या आखाताची भरती पाहून भीती वाटते. तिथली भरती मात्र वाचता येते, असे मला वाटले.

ती वाचायला शिकवले आमच्या होडीवाल्या आबांनी. त्यांच्याजवळ भरती-ओहोटीचे छापील कोष्टक नाही, मोबाइलवरही ते काही पाहत नाहीत. तिथीला पाऊणाने गुणायचे की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ आली, एवढाच त्यांचा हिशेब. आम्ही वद्य पंचमीला पोहोचलो, म्हणून पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती पूर्ण, पुढे सहा तास ओहोटी. म्हणजे उजाडताना पाणी उतरण्याच्या ऐन भरात असणार. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह फार जोराचा आणि गढूळ असतो, अष्टमीच्या भांगात, म्हणजे सर्वांत मंद भरती-ओहोटीत, पाणी जेमतेम हलते, आणि म्हणून मधले हे तीन दिवस शिरीषने मुद्दाम निवडले होते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ही वेळ थोडी पुढे सरकते, आणि ती किती सरकते हे आबांना प्रत्येक वळणागणिक पाठ आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. भरतीच्या वेळी बोय मासे, कोळंबी आणि बारीकसारीक मासळी कांदळवनात मुळांमध्ये शिरते, कारण तिथे खायला भरपूर असते आणि मोठ्या माशापासून आडोसाही मिळतो. ओहोटी लागली की तिथले पाणी अरुंद व्हाळांतून, म्हणजे ओहोळांतून, मुख्य खाडीत उतरते आणि त्याच्याबरोबर या सगळ्या मासळीलाही बाहेर पडावे लागते. खजुरा, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो नेमका त्या व्हाळाच्या तोंडाशी एखाद्या खडकाच्या किंवा पडलेल्या खोडाच्या आडोशाला, प्रवाहाची ओढ बसणार नाही असा, तोंड वरच्या बाजूला करून उभा राहतो. ‘पाणी सुटला की खजुरो व्हाळाच्या तोंडार येता,’ हे आबांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

हे ऐकूनही पहिल्या दिवशी मी चूक केली. होडी व्हाळाच्या वरच्या अंगाला ठेवून मी खाली फेकत होतो आणि ल्युर प्रवाहाविरुद्ध ओढून आणत होतो. तीन तासांत एकाही माशाने त्याकडे वळून पाहिले नाही. शेवटी आबांनी न बोलता वल्हे मारून होडी खालच्या अंगाला नेली, आणि माझ्या लक्षात आले की घाबरलेली बोय पाण्याबरोबर वाहत येते, पाण्याविरुद्ध पोहत मोठ्या माशासमोर जात नाही. ल्युर वर व्हाळात टाकायचा आणि पाणी जसे त्याला आणील तसे येऊ द्यायचे. मधूनच मनगटाने दोन हलके झटके द्यायचे आणि मग थांबायचे. ल्युर थांबतो, हळूहळू वर तरंगू लागतो, आणि मासा घेतो तो बहुतेक वेळा त्या थांबण्यात. तेवढा वेळ हात स्थिर ठेवणे मला सर्वांत कठीण गेले.

इथे मला तुझी फार आठवण झाली. उत्तरायणात तू पतंग लढवताना बोटांवरून मांजा जाऊ देत असायचास आणि केव्हा ढील द्यायची व केव्हा खेचायचे हे कुणालाही न विचारता तुझ्या बोटांना कळायचे. ब्रेड जातीचा बारीक विणलेला दोरा बोटावरून धरला की अगदी तसेच सगळे जाणवते. ल्युर चिखलाला टेकला, कालवांना घासला, की माशाने नुसता शेपटीचा वारा दिला, हे वेगवेगळे ओळखू येते. पण तांबोशी, म्हणजे खारफुटीच्या मुळांत दडून राहणारा दुसरा मासा, ढील खपवून घेत नाही. ती मुळांतून बाहेर झडप घालते आणि लागलीच मागे वळते. दोन वीत दोरा सुटला तरी ती मुळांत शिरते आणि तिथल्या कालवांच्या धारेवर दोरा तुटतो. पहिल्या दिवशी दुपारी अशा दोन तांबोश्या मी घालवल्या. माशाच्या ओठात माझा ल्युर अडकून राहिला असेल या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकला, जेणेकरून दोरा तुटलाच तर मासा गळ झटकून मोकळा होऊ शकेल. ३० पौंडी दोऱ्याच्या टोकाला ४० ऐवजी ६० पौंडी लीडर, म्हणजे ल्युरजवळचा जाड दोराही बांधला.

षष्ठीला मोहनला आणि मला एकेक तांबोशी मिळाली, दोन्ही दीड किलोच्या आतबाहेरच्या. त्या आबांच्या घरी दिल्या आणि रात्री त्यांच्याच पडवीत बसून आम्ही जेवलो. तळलेली तुकडी आणि भात, एवढेच होते आणि त्याहून अधिक काही लागले नाही. त्यानंतर तांबोशी ठेवायची नाही असे मात्र आम्ही ठरवले. खाडीत मिळते ती सगळी तांबोशी लहान वयाची असते. मोठी झाल्यावर ती बाहेर समुद्रातल्या खोल खडकांवर जाते आणि तिथेच अंडी घालते. म्हणजे आपण खाडीत जी धरतो तिने अजून एकदाही वीण केलेली नसते. हे मला आधी ठाऊक असते तर त्या दोन्हीही सोडल्या असत्या.

सप्तमीची सकाळ मात्र मी जन्मभर विसरणार नाही. साडेसात वाजले होते, धुके पाण्यापासून हातभर वर उचलले गेले होते आणि व्हाळाच्या तोंडाशी बोय उड्या मारत होती. तिसऱ्या फेकीला ल्युर थांबलेला असताना ‘भुप्प’ असा पोकळ आवाज झाला, जणू कुणी पाण्याखाली मोठ्या हंड्याचे झाकण ओढून काढले. खजुरा तोंड एकदम उघडतो आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज. मग तो पाण्याबाहेर आला, पूर्ण, रुपेरी, डोळे उन्हात लालसर चमकणारे, आणि डोके असे झटकले की ल्युर त्याच्या कल्ल्यावर आपटल्याचा आवाज मला होडीत ऐकू आला. हा मासा मोकळ्या पाण्याकडे धावला आणि इथे ढीलच हवी होती. रीळ सोडून देऊन बोटाने दोऱ्यावर ओझरता दाब ठेवत मी त्याला जाऊ दिले, आणि त्यातच बोट कापले. बारा-पंधरा मिनिटांनी तो होडीजवळ आला. मोजपट्टीवर ९४ सेंटिमीटर भरला.

त्यानंतर होडीत वाद झाला, आणि तो तुला सांगितला पाहिजे. मोहनचे म्हणणे असे की एवढा मासा आबांना दिला असता तर बाजारात त्याचे चांगले पैसे आले असते, आणि ज्यांच्या खाडीत आपण पाहुणे म्हणून आलो त्यांना ते मिळायला हवेत. हे म्हणणे खोटे नाही. पण खजुरा जन्मतः नर असतो, काही वर्षे नर म्हणूनच वाढतो आणि साधारण ८५ ते १०० सेंटिमीटर लांबीच्या सुमारास मादी होतो. म्हणजे लहान खजुरे बहुतेक सगळे नर आणि मोठ्या बहुतेक सगळ्या माद्या, आणि अशी एक मादी एका विणीत लाखो अंडी घालते. माझ्या हातात होती ती बहुधा मादी होती, किंवा मादी होण्याच्या बेतात होती. अशा माशांना आपण हौसेने काढत गेलो तर त्या खाडीतल्या पुढच्या पिढीच्या आयाच आपण काढल्या. मी आबांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त होडीचे तोंड प्रवाहाकडे वळवले.

हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, जबड्याला न टांगता मी तिला आडवी धरली आणि तोंड वाहत्या पाण्याकडे केले. कल्ल्यांच्या कडेला वस्तऱ्यासारखी धार असते, तिथे बोट जाऊ द्यायचे नाही हे शिरीष दर मिनिटाला बजावत होता. कल्ले सावकाश उघडमीट करू लागले, शेपूट ताठ झाली, आणि दोनएक मिनिटांनी तिने मला एक झटका देऊन हिरव्या पाण्यात बुडी मारली. मोहन बराच वेळ गप्प होता. परत येताना त्याने आबांना त्या दिवसाच्या होडीच्या भाड्याच्या दुप्पट पैसे दिले. आबा घेईनात, तेव्हा ते त्यांच्या नातीच्या हातात ठेवले. मोहनने हे केले नसते तर माझा निर्णय अर्धाच बरोबर ठरला असता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आता तुझे. मार्गशीर्ष वद्य पंचमीला पुन्हा तोच हिशेब जुळतो, आणि तोपर्यंत वहिनी हिंडू-फिरू लागलेल्या असतील. तू पुण्याहून थेट कुडाळला ये, आम्ही बडोद्याहून गाडीने येऊ. रॉड आणू नकोस, शिरीषकडे जादा आहे. लांब बाह्यांचा सदरा, चिखलात न निसटणारे बूट आणि ध्रुवीकृत काचांचा चष्मा एवढे आण, कारण त्या चष्म्याने पाण्यावरची चमक जाते आणि खालचे खडक दिसू लागतात. आबांना मी सांगून आलो आहे की पुढच्या वेळी दोरा हाताळणारा एक जण बरोबर येणार आहे. होडीत पुढची फळी तुझ्यासाठी मोकळी ठेवतील असे ते म्हणाले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही, म्हणजे तिकिटे काढता येतील.

तुझा,
श्रीकांत